घोडी अडेल नाही

खाली उतर आधी. घोडीवर बसून माझ्याशी बोलायचं नाही. आणि उतरताना लगामाला लोंबकळू नकोस, तो तुझ्या आधारासाठी दिलेला नाही.

आता तिचं तोंड बघ. ओठाचा कोपरा बघ. उजवीकडे कातडी फाटलीय. डावीकडे जुनी जखम भरून घट्टा पडलाय. हे एका दिवसाचं काम नाही. रोज थोडं थोडं होत गेलं. रोज तुला दिसलं. रोज तू त्याच जागेवर लगाम चढवलास. आणि आज मला येऊन काय सांगतोस? "सर, घोडी अडेल आहे. जरा कडक लगाम सुचवा."

अडेल कोण आहे ते आज ठरवूनच टाकू.

तुला ठाऊक नसतं तर मी आवाज चढवलाच नसता. ज्याला कळत नाही त्याला समजावून सांगतात. ज्याला कळतं पण वळत नाही त्याचा कानच धरावा लागतो. घोड्याच्या जबड्यात पुढचे दात आणि मागच्या दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते, लगामाची कडी तिथं बसते, हे तूच नव्या पोरांना फळ्यावर काढून दाखवतोस ना? तिथं हाडावर नुसती पातळ कातडी असते, हेही सांगतोस. मग तू हिसका देतोस तेव्हा लोखंड कशावर आपटतं? सांग. फळ्यावर येतं, मग मनगटात का येत नाही?

तिनं तोंड उघडलं, तर तू काय केलंस? नाकपट्टा आणखी दोन भोकं आवळलास. नाकाच्या हाडावर पट्ट्याखाली दोन बोटं सहज जायला हवीत, ही पहिल्या आठवड्यातली शिकवण. आता घाल बोटं. जातात? करंगळीसुद्धा जात नाही. ती सांगत होती, दुखतंय. तू तिचं तोंडच बांधून टाकलंस. मग मान झटकू लागली, तर मान खाली बांधलीस. कान मागं पाडले, शेपूट आपटली, तर चाबूक काढलास. तिच्याकडं बोलायला आणखी काय उरलं? उभं राहणं उरलं. ती उभी राहिली. त्याला तू अडेलपणा म्हणतोस.

आणि तुझ्या त्या शैल्या! जानेवारीत म्हणालास, मी इंग्लिश चालवतो. मार्चमध्ये वेस्टर्न. शिवजयंतीला मावळी थाट. पोशाख बदलतो, टोपी बदलते, फेटा येतो. हात तोच. तुझ्या कुठल्याच शैलीची घोडीला खबर नाही. तिला तेवढा हिसका माहीत आहे.

कुठलीही शैली घे आणि ती का जन्मली ते बघ. इटलीच्या घोडदळातला फेडेरिको कॅप्रिली घे. त्याच्या काळापर्यंत स्वार अडथळ्यावरून उडी घेताना मागं रेलायचे. ऐन उडीत तोंडाला ओढ, उतरताना पाठीवर धपका. घोडे बिचकायचे आणि स्वार त्यांना अडेल म्हणायचे, अगदी तुझ्यासारखे. कॅप्रिलीनं पाठीवर कोणी नसलेला घोडा उडी कशी मारतो ते नीट पाहिलं. घोडा मान लांब करतो, पाठ मोकळी सोडतो. मग त्यानं स्वारालाच बदलायला लावलं. रिकीब आखूड, अंग पुढं, हात घोड्याच्या मानेबरोबर पुढं जाऊ द्यायचे. 1907 साली तो वारला तेव्हा चाळिशीचाही नव्हता. आज जगभर उडीची बैठक तीच आहे. त्यानं घोड्याला सरळ केलं नाही, माणसाला सरळ केलं. एवढा एक मुद्दा जरी उचलला असतास!

तुझी लाडकी वेस्टर्न घे. ती गुराख्यांची. दिवसभर गुरांमागं हिंडायचं, म्हणून जीन रुंद, ओझं पाठीवर पसरावं म्हणून. लगाम सैल, एका हातात. मानेला नुसता स्पर्श झाला की घोडा वळतो. यातलं तू काय घेतलंस? टोपी घेतलीस आणि लांब दांडीची कडी घेतलीस. त्या दांडीनं हाताचा जोर कित्येक पट होतो. ज्याचा हात बोटांच्या हालचालीवर आला आहे त्याच्यासाठी ती असते. तू तिच्यावर अख्ख्या अंगाचा भार टाकतोस. दुडकीतली उठबस घे. ती स्वाराच्या तोऱ्यासाठी नाही, पावलागणिक पाठीवर बसणारा दणका वाचावा म्हणून आहे. सगळ्या शैलींच्या मुळाशी घोड्याची सोय आहे. तू सगळ्यांमधली नेमकी तेवढीच गोष्ट वगळतोस.

आता मावळी थाटाकडे येऊ. हा विषय तू काढला नसतास तर बरं झालं असतं. आता ऐकावंच लागेल.

तू कुठल्या गावात राहतोस? 1610 साली मलिक अंबरनं खडकी म्हणून जे वसवलं, त्या गावात, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात. त्याचा गनिमी कावा कशावर चालायचा? हलक्या घोडदळाच्या दमावर. अंगावर येणाऱ्या बलाढ्य फौजेला झुलवायचं, रसद तोडायची, पसार व्हायचं. घोडा दमला की सगळं संपलं. भीमथडीचं तट्टू दिसायला बुटकं, पण काटक. त्या भीमथडीला आता कुठं राष्ट्रीय पातळीवर देशी जात म्हणून अधिकृत मान्यता मिळाली. ज्या जनावराच्या पाठीवरून दख्खनचं राजकारण फिरलं, त्याचं नाव यादीत यायला एवढा उशीर. आणि तू भीमथडीला "तट्टू काय बघायचं" म्हणून नाक मुरडलंस. सारंगखेड्याच्या यात्रेतून उंच, कान वळलेली मारवाडी आणलीस. आण, माझी ना नाही. पण दात बघून वय ओळखलंस, चाल पाहिलीस, खूर उचलून पाहिलेस, आणि घरी आणल्यावर तीच नजर कुठं गहाण टाकलीस?

राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून कृष्णाजी अनंत सभासदानं बखर लिहिली. शिवरायांच्या पागेची रचना त्यात आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार. आणि दर पंचवीस घोड्यांमागं एक पखालजी आणि एक नालबंद. काय अर्थ झाला याचा? मोहीम असो, रान असो, घोड्याला पाणी पाजणारा आणि नाल ठोकणारा माणूस फौजेच्या हिशेबातच धरलेला. लढणाऱ्यांइतकाच पक्का. तुझ्या दारात एकच घोडी आहे. नालबंद शेवटचा कधी आला? आठवत नाही ना? तिचा पुढचा डावा खूर बघ, नालेच्या बाहेर वाढून चिरलाय. सहा ते आठ आठवड्यांनी खूर तासून नाल बदलायची, हे मी तुला कितीदा सांगायचं? तुझ्या मोबाइलच्या रिचार्जची तारीख तुला तोंडपाठ आहे.

आणि ते पत्र. चिपळूणजवळ दलवटण्याच्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना शिवरायांनी पाठवलेलं. तू मिरवणुकीत भाषणात त्या पत्राचा उल्लेख केलास, मी ऐकलं. रयतेचे दाणे, गवत, भाजी काही उचलू नका, एवढंच तुला त्यातलं माहीत. पुढचं वाचलंस का? पावसाळ्यासाठी दाणागोटा, वैरण जमवून ठेवली आहे, ती बेताबेतानं पुरवा. आत्ताच उधळली तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असं होईल. असं बजावलंय त्यात. रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात नेईल, गवताला आग लागेल, मग घोडी जगणार कशावर? इथपर्यंत त्या माणसाचं लक्ष. स्वराज्याचा धनी वैरणीच्या गंजीत शिरणाऱ्या उंदराची काळजी करतो, आणि त्याचं नाव छातीवर गोंदवून फिरणारा तू! तुझ्या घोडीच्या पुढ्यात काल दुपारी काय होतं? मी डोकावलो होतो. गव्हाण रिकामी. बादली कोरडी, तळाशी शेवाळ.

क्रांती चौकातला शिवरायांचा नवा अश्वारूढ पुतळा 2022 साली उभा राहिला. मिरवणुकीत त्याच्या समोर तू तिला अडीच तास उभं ठेवलंस. दोन्ही अंगाला डीजेच्या भिंती. घोड्याला माणसाच्या कानाला न लागणारे उंच आवाजही ऐकू येतात. नाकासमोरची आणि थेट शेपटीमागची जागा सोडली तर चहूबाजूंचं दिसतं. फटाके तुझ्या मित्रांनी कुठं लावले? बरोबर तिच्या मागं, जिथं तिला दिसत नाही. ती बुजली, डांबरावर घसरली, गुडघा फुटला. तू व्हिडिओत काय लिहिलंस? "वाघीण." वाघीण नाही ती. भित्र्या कळपातलं जनावर आहे, पळणं हाच तिचा जीव वाचवायचा मार्ग आहे. तो मार्ग तू बंद केलास आणि तिच्या थरथरण्यावर शिट्ट्या घेतल्यास.

"खर्च निघायला नको का सर?" निघायला हवा. म्हणून वरातीच्या सुपाऱ्या. ठीक. कुठल्या महिन्यात? एप्रिल, मे. आपल्याकडं पारा चाळीसच्या वर जातो ते दिवस. वेळ? बाराचा मुहूर्त, जालना रोड, उन्हानं मऊ झालेलं डांबर. 1965 चे ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांचे नियम मी तुमच्या वर्गात वाचून घेतले होते. 37 अंशांच्या वर पारा असेल तर दुपारी बारा ते तीन काम नाही. दिवसात नऊ तासांच्या वर नाही. सलग पाच तासांच्या वर नाही. तट्टावर 70 किलोपेक्षा जास्त लादायचं नाही. टोकदार काटे, गाठी असलेला लगाम किंवा सरंजाम वापरायचा नाही. आता तू म्हणशील, नवरदेव म्हणजे काय ओझं आहे? पाठीला विचार. नव्वद किलोचा नवरदेव, पुढ्यात भाचा, वर जरीची झूल आणि लोखंडी सांगाड्याची जीन. ढोबळ हिशेब साधा आहे. घोड्याच्या वजनाचा पाचवा हिस्सा, जीन धरून. त्याच्या वर गेलास की पाठ दुखावते. आणि गेल्या महिन्यात तू मित्राला मागं घेऊन बसलास. शेवटच्या बरगडीच्या मागं कमरेला खालून कशाचाच आधार नसतो. हे तुला बरगड्या मोजून शिकवलं आहे. अठरा जोड्या. मोजल्या होत्यास तू.

पकडलं कोणी तर? प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या 1960 च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. म्हणून तू निवांत आहेस. चहा-भज्यांइतका दंड. पण मुंबईतल्या व्हिक्टोरियांचं काय झालं ते विसरलास? नुसत्या हौसेसाठी चाललेल्या त्या गाड्या 2015 साली उच्च न्यायालयानं बेकायदा ठरवल्या आणि वर्षभरात बंद करायला सांगितल्या. त्यांच्यातही घोड्याला जीव लावणारे असतील. सगळ्यांचंच चाक थांबलं. तुझ्यासारख्यांमुळे उद्या इथं कुणालाच जीन कसता येणार नाही, आणि तेव्हा तू संस्कृती वाचवा म्हणून फलक घेऊन उभा राहशील.

नाचवायचंही शिकवतो म्हणालास ना तिला? कोणाकडून? पाय बांधून, ढोलाच्या ठेक्यावर नळीवर फटके मारून, बाजेवर चढवून नाचवतात त्यांच्याकडून? चोवीसशे वर्षांपूर्वी झेनोफन नावाच्या ग्रीक स्वारानं घोड्यावर पुस्तक लिहिलं. जबरदस्तीनं करवून घेतलेल्या चालीत घोड्याला समजही नसते आणि देखणेपणही नसतं, हे त्यानं तेव्हा ओळखलं होतं. त्याच्याकडं रिकीबसुद्धा नव्हती. तुझ्याकडं सगळं आहे.

बाकीच्या सबबी पटापट उरकू.

"वेळ मिळत नाही." मिळतो. निराला बाजारात रात्री दीडपर्यंत बसायला मिळतो. आठवडाभर तिला खुंट्याला बांधून ठेवतोस आणि रविवारी दौलताबादच्या रस्त्यावर चौखूर उधळायला नेतोस. भाकरी का करपली, घोडा का अडला, हे कोडं तुला आजीनं घातलं नव्हतं का? फिरवलं नाही म्हणून.

"मोतद्दार बघतो सगळं." मोतद्दाराला पगार वेळेवर देतोस? दोन महिन्यांचा थकलाय. तो चंदीतले हरभरे घरी नेतो अशी तक्रार करतोस, आणि त्याची चूल कशावर पेटते हे विचारत नाहीस. घोडी तुझी, मिरवणूक तुझी, फोटो तुझा. मग खरारा दुसऱ्याचा कसा? खरारा म्हणजे धूळ झाडणं नव्हे. हात सगळ्या अंगावरून गेला की गरम जागा कळते, सूज कळते, दचकणारा स्नायू कळतो. तंगाखाली केस गेलेत तिचे, तिथं बोट लावलं की ती कातडी आकसते. बघ. बघितलंस? खरारा केला असतास तर दसऱ्यालाच कळलं असतं.

"डॉक्टर आणले होते." केव्हा? लग्नसराई संपल्यावर. वरातीमागून घोडे. आणि पोटात दुखत होतं तेव्हा? कुशीकडं वळून वळून बघत होती, लोळत होती, आणि तू म्हणालास मस्ती करतेय. घोड्याला उलटी होत नाही. आत गेलेलं बाहेर काढायची सोय देवानं दिलेली नाही. पोट लहान, त्यात आम्ल सतत पाझरतं, म्हणून दिवसभर थोडं थोडं चघळायला लागतं. तिला बारा तास उपाशी ठेवून वर पाटीभर दाणा घातलास की काय होणार, हे सांगायला डॉक्टर कशाला हवा? तू सांगू शकतोस. कडबा, गवत, थोडा लसूणघास, समोर कायम पाणी. दिवसाला पंचवीस-तीस लिटर, उन्हाळ्यात त्याहून पुष्कळ जास्त. हे तुझ्याच वहीत तुझ्याच अक्षरात आहे.

"सगळेच असं करतात सर." ही सबब सगळ्यांत वाईट. सगळ्यांना मी शिकवलं नाही. तुला शिकवलं. त्यातल्या कितीजणांना कुणी कधी सांगितलंच नाही, बापानं केलं तसं ते करतात. त्यांच्यावर मी चिडत नाही, त्यांच्याशेजारी बसून बोलतो. तुला बसायला येतं. तुझा तोल मी पाहिला आहे. पहिल्या वर्षी त्या म्हाताऱ्या पांढऱ्या घोड्यावर तू लगाम सैल सोडून नुसत्या श्वासावर थांबवून दाखवलंस. आठवतं? मी तेव्हा काही बोललो नाही, पण इतका हलका हात मी फार थोड्यांचा पाहिला. तो हात कुठं गेला? कुणी काढून नेला? लाइक मिळायला लागले तसा तो जड होत गेला. तो परत येऊ शकतो, म्हणून एवढं बोलतोय. तुझ्यात काही नसतं तर घोडी काढून घेतली असती आणि फाटक लावलं असतं.

मान खाली घालू नकोस. रडगाणंही नको. काम ऐक.

जखम भरेपर्यंत हिच्या तोंडात लोखंड जाणार नाही. पाठीवर कोणी बसणार नाही. पडेगावकडच्या मातीच्या वाटेनं सकाळ-संध्याकाळ हातानं धरून चालवायची, तू स्वतः. नालबंदाला आज सांगावा धाड. मोतद्दाराचे पैसे आज दे. लांब दांडीची कडी माझ्या टेबलावर आणून ठेव, ती परत मिळणार नाही.

उद्या पहाटे साडेपाचला मैदानात ये. फोन घरी. माझ्या घोड्यावर बसशील, लांब दोरीवर, रिकिबीशिवाय आणि लगामाशिवाय. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये नव्या पोरांना असंच महिनोन् महिने फिरवतात. बैठक पक्की झाली की मगच हातात लगाम. तुला किती दिवस लागतील ते तुझ्या हातांवर आहे.

आणि रविवारच्या वरातीची सुपारी घेतली आहेस ना सिडकोतली? दुपारी साडेबाराची? काढ फोन. पैसे परत करतो म्हणून सांग. घोडी आजारी आहे असं सांगायचं नाही. मी तिला जखमी केलं, असं सांगायचं. लाव, मी इथंच उभा आहे.